उपसर्ग-प्रत्यय पाठ केले, तरी इंग्रजी शब्द का फसवतात?

प्रश्न

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे शिक्षण मातृभाषेतून झाले असून त्या ज्या कार्यालयात काम करतात तिथला सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो. शब्दसंग्रह वाढावा म्हणून त्यांनी एका पुस्तिकेतली उपसर्ग आणि प्रत्ययांची सुमारे दीडशे नोंदींची यादी अर्थांसह तोंडपाठ केली. काही काळ तिचा उपयोगही झाला. मग त्यांच्या एका अहवालावर वरिष्ठांनी ‘युवर सजेशन्स वेअर इनव्हॅल्युएबल’ असा शेरा लिहिला. ‘इन’ म्हणजे ‘नाही’ आणि ‘व्हॅल्युएबल’ म्हणजे ‘मौल्यवान’, तेव्हा आपल्या सूचना कवडीमोलाच्या ठरल्या, असे समजून त्यांनी त्याच संध्याकाळी माफीचा मेल पाठवला. पुढे एका बैठकीत ‘अनपॉसिबल’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला आणि दोघेतिघे हसले. त्या विचारतात: ‘ही यादी सोडून देऊन शब्द सुटे सुटे पाठ करावेत, की आणखी खोलात जाऊन लॅटिन आणि ग्रीक धातू शिकावेत? इंग्रजीत वाढलेल्या माणसांना हे नियम ठाऊकच असतात, ते मला कधी येणार? शिवाय माझी नऊ वर्षांची मुलगी माझे ऐकून तीच यादी म्हणू लागली आहे. तिला ती शिकवावी की नाही?’

उत्तर

तुमच्या पत्रात प्रश्न अनेक असले, तरी त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे, आणि ती केवळ तुमची नाही. इंग्रजी शब्द म्हणजे तुकड्यांची बेरीज, तुकड्यांचे अर्थ पाठ असले की शब्दाचा अर्थ आपोआप हाती येतो आणि तो आला नाही तर चूक आपली, असे तुम्ही धरून चालला आहात. ‘अनहॅपी’, ‘रीराइट’, ‘केअरलेस’ अशा शेकडो शब्दांत ही बेरीज जुळते, म्हणूनच ती समजूत टिकून राहते. जिथे ती जुळत नाही, तिथेही सगळा गोंधळच असतो असे मात्र नाही. अशा ठिकाणी नेमके काय घडते हे पाहिले, की तुमच्या यादीत काय लिहायचे राहून गेले आहे तेही कळते.

‘इनव्हॅल्युएबल’पासूनच सुरुवात करू. इथे ‘इन’चा अर्थ ‘नाही’ असा तुम्ही घेतलात, तो बरोबरच होता. घोटाळा झाला तो पुढच्या भागात. या शब्दात ‘व्हॅल्यू’ हे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ मोल ठरवणे असा आहे. ज्याचे मोल ठरवताच येत नाही ते इनव्हॅल्युएबल. मराठीत ‘अमूल्य’ म्हणताना आपण दुसरे काय करतो? ‘अ’ म्हणजे नाही आणि ‘मूल्य’ म्हणजे किंमत, तरीही अमूल्य ठेव्याला कोणी टाकाऊ समजत नाही, आणि ‘अनमोल’ म्हटल्यावर कोणाला वाईट वाटत नाही. हे शब्द तुम्ही कधी फोडून वाचले नाहीत, कारण ते तुम्हाला वाक्यांतून, माणसांच्या तोंडून, त्यांच्या पूर्ण अर्थासकट मिळाले. इंग्रजीत ‘प्राइसलेस’ आणि ‘वर्थलेस’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. दोन्हींना प्रत्यय ‘लेस’च आहे आणि मूळ शब्दांचे अर्थही जवळजवळ सारखे आहेत, तरी पहिला अमूल्य आणि दुसरा कवडीमोल. यादीत ‘लेस म्हणजे विना’ एवढेच लिहिलेले असते, आणि तेवढ्याने या दोघांतला फरक कधीच कळणार नाही.

माफीच्या त्या मेलचे फार मनाला लावून घेऊ नका. ‘आपला शेरा मी उलटा वाचला होता, कौतुकाबद्दल आभारी आहे’ एवढे दोन ओळींत कळवले तर तो विषय तिथेच मिटेल, आणि वरिष्ठांनाही त्या मेलचा उलगडा होईल.

इंग्रजीत वाढलेल्या माणसांना नियम ठाऊक असतात, या तुमच्या वाक्यात अर्धे सत्य आहे. १९५८ मध्ये जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लहान मुलांना पक्ष्यासारख्या दिसणाऱ्या एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव ‘वग’ आहे असे तिने सांगितले आणि मग तशाच दोन प्राण्यांचे चित्र पुढे ठेवून, हे काय आहेत, असे विचारले. कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचे अनेकवचन बहुतेक मुलांनी बिनचूक केले. म्हणजे काही नियम मुलांच्या अंगात मुरलेले असतात हे खरे. पण ते कोणते? अनेकवचनाचा ‘एस’, भूतकाळाचा ‘ईडी’, चालू क्रियेचा ‘आयएनजी’, तुलनेचे ‘ईआर’ आणि ‘ईएसटी’ यांसारखे, म्हणजे शब्दाचे फक्त रूप बदलणारे प्रत्यय. आजच्या इंग्रजीत व्याकरणकार असे जेमतेम ८ प्रत्यय मोजतात. एका शब्दापासून दुसरा शब्द घडवणाऱ्या उपसर्ग-प्रत्ययांची गोष्ट वेगळी आहे. ते इंग्रजीत वाढलेले लोकही वाचत-ऐकत, एकेका शब्दाबरोबर, वर्षानुवर्षे उचलतात आणि मोठेपणीही त्यात चुकतात. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती आणि ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला रस नाही असा, हा फरक अनेक इंग्रजीभाषकांना सांगावा लागतो. तुमच्या बैठकीत हसलेल्यांना ‘इम्पॉसिबल’ बरोबर येते ते त्यामागचा नियम माहीत असल्यामुळे नाही, तर तो शब्द त्यांनी अगणित वेळा ऐकला आहे म्हणून. जाता जाता सांगतो, १६व्या शतकातल्या छापील इंग्रजीत ‘अनपॉसिबल’ हा शब्द चांगल्या ग्रंथांत सापडतो. तुम्ही केलेली रचना त्या भाषेला परकी नव्हती. पुढे तिने दुसरी निवड केली, इतकेच.

ती निवड कशी झाली हे समजून घेण्यासारखे आहे. ‘अन’ हा इंग्रजीचा घरचा, जुना उपसर्ग. ‘इन’ आला लॅटिन आणि फ्रेंच शब्दांच्या सोबतीने, आणि १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर असे शब्द मोठ्या संख्येने येऊ लागले. ग्रीकमधून विद्वानांनी ‘अ’ आणि ‘अन्’ आणले, जसे ‘एपॉलिटिकल’ किंवा ‘अ‍ॅनिमिया’. संस्कृतातला आपला ‘अ’ किंवा स्वरापूर्वी येणारा ‘अन्’, म्हणजे अयोग्य आणि अनुचित यांतला, हाही त्यांचा सख्खा भाऊबंद आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही सारी रूपे एकाच मुळातून आलेली आहेत. लॅटिनचा ‘इन’ पुढचे अक्षर पाहून रूप बदलतो. ‘पी’, ‘बी’, ‘एम’ यांच्यापूर्वी तो ‘इम’ होतो, ‘एल’पूर्वी ‘इल’, तर ‘आर’पूर्वी ‘इर’. म्हणून इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. ‘उत्’ आणि ‘लेख’ मिळून ‘उल्लेख’ होतो हे तुम्ही शाळेत संधी म्हणून शिकलात, त्याच जातीचा हा प्रकार आहे. त्यामुळे यादीत इन, इम, इल, इर या चार वेगळ्या नोंदी असतील, तर तीन खोडून टाका.

आता यादीत राहून गेलेली मुख्य गोष्ट. उपसर्ग कोणत्या जातीच्या शब्दाला लागला आहे, विशेषणाला की क्रियापदाला, हे यादी सांगत नाही, आणि अर्थ तर बराचसा त्यावरच ठरतो. नकाराचा ‘इन’ लागतो तो विशेषणांना, आणि त्या विशेषणांपासून झालेल्या शब्दांना: इनअ‍ॅक्टिव्ह, इनकरेक्ट, इम्पर्फेक्ट. क्रियापदाच्या आरंभी दिसणारा ‘इन’ किंवा ‘इम’ बहुधा निराळाच असतो, ‘आत’ किंवा ‘कडे’ अशा अर्थाचा: इन्क्लूड, इम्पोर्ट, इन्व्हेड. ‘इनफ्लेमेबल’ या कुप्रसिद्ध शब्दाचे कोडेही इथेच सुटते. त्याचा अर्थ ‘न पेटणारे’ असा नाही, ‘सहज पेट घेणारे’ असा आहे, कारण तो ‘इनफ्लेम’, म्हणजे पेटवणे, या क्रियापदावरून झाला आहे आणि त्यातला ‘इन’ नकाराचा नाहीच. हा गैरसमज जिवावर बेतू शकतो हे ओळखून विसाव्या शतकात अग्निसुरक्षेशी संबंधित लोकांनी धोक्याच्या पाट्यांवर मुद्दाम ‘फ्लेमेबल’ हे रूप रूढ केले. म्हणजे या उपसर्गाने फसणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. तुमच्यासारख्या वाचकांसाठी पाट्या बदलाव्या लागल्या आहेत.

‘अन’चेही तसेच आहे. विशेषणापूर्वी तो नकार दाखवतो, पण क्रियापदापूर्वी तो झालेली गोष्ट उलटवतो. ‘अनपॅक’ म्हणजे न बांधणे असे नसून बांधलेले सोडणे; ‘अनटाय’ आणि ‘अनडू’ही त्याच वळणाचे. ‘अनलॉकेबल’ हा शब्द या दृष्टीने फार गमतीचा आहे. आधी ‘लॉक’ला ‘एबल’ जोडून ‘लॉकेबल’, म्हणजे कुलूप लावता येण्याजोगे, असे विशेषण केले आणि मग त्याला ‘अन’ लावला, तर अर्थ होतो कुलूप लावताच न येणारे. उलट आधी ‘अनलॉक’, म्हणजे कुलूप उघडणे, हे क्रियापद केले आणि मग त्याला ‘एबल’ जोडला, तर अर्थ होतो कुलूप उघडता येण्याजोगे. अक्षरे तीच, तुकडेही तेच, पण जोडण्याचा क्रम बदलला की अर्थ उलटतो. कोणता क्रम घ्यायचा हे ठरते वाक्यावरून. यादीच्या कोणत्याच रकान्यात ते लिहिता येणार नाही.

कार्यालयीन लिखाणात ‘अन’ आणि ‘नॉन’ यांच्यातला फरकही सांभाळावा लागतो, आणि माझ्या मते तो बहुतेक पुस्तिकांत पुरेसा ठळक केलेला नसतो. ‘नॉन’ फक्त वर्गवारी करतो, तर ‘अन’ आणि ‘इन’ पुष्कळदा निवाडा देतात. एखादी व्यक्ती ‘नॉनप्रोफेशनल’ आहे म्हणजे ती त्या व्यवसायातली नाही. ती ‘अनप्रोफेशनल’ आहे म्हणजे तिचे वागणे व्यवसायाला शोभणारे नाही. पहिली माहिती झाली आणि दुसरा आरोप. दोन्हींपुढे यादी ‘नाही’ हाच अर्थ देते. सहकाऱ्याबद्दल लिहिताना यांपैकी चुकीचा शब्द पडला, तर हसण्यावारी नेले जाणार नाही.

प्रत्ययांकडे वळू. उपसर्ग बहुधा अर्थ बदलतो पण शब्दाची जात तशीच ठेवतो. प्रत्यय बहुधा जात बदलतो. याला ‘एनेबल’, ‘एनलार्ज’, ‘बीफ्रेंड’ असे अपवाद आहेत, पण ते थोडे. म्हणून प्रत्ययाचा खरा फायदा असा, की अनोळखी शब्दाचा अर्थ कळला नाही तरी त्याचे वाक्यातले काम कळते. ‘नेस’, ‘इटी’, ‘मेंट’, ‘शन’ दिसले की नाम, ‘फुल’, ‘लेस’, ‘एबल’ दिसले की विशेषण, आणि ‘आइज’ किंवा ‘इफाय’ दिसले की क्रियापद, एवढे ओळखता आले तरी लांबलचक वाक्याची घडी उलगडते. तुम्ही प्रत्ययांचे अर्थ पाठ केलेत. त्यापेक्षा त्यांची ही ओळख तुम्हाला रोज अधिक उपयोगी पडेल.

मात्र कोणता प्रत्यय कोणत्या शब्दाला लागतो, हे तर्काने ठरवायला गेलात तर पुन्हा फसाल. ‘राइट’चा ‘रायटर’ होतो आणि ‘टीच’चा ‘टीचर’ होतो, पण ‘टाइप’ करणारा ‘टायपिस्ट’ असतो, ‘असिस्ट’ करणारा ‘असिस्टंट’ असतो, आणि ‘कुक’ला ‘ईआर’ लावला की स्वयंपाक करणारे माणूस न मिळता भांडे मिळते, कारण माणसासाठी ‘कुक’ हाच शब्द आधीपासून ठरलेला आहे. एखादी जागा जुन्या शब्दाने अडवली असेल, तर नियमाने घडवलेला नवा शब्द तिथे शिरू शकत नाही.

अगदी ठोकळमानाने सांगायचे, तर काही प्रत्यय आजही जिवंत आहेत आणि काही गोठले आहेत. ‘नेस’ जवळजवळ कोणत्याही विशेषणाला लावा, शब्द थोडा अवघडला तरी लोकांना कळतो. ज्या क्रियापदाला कर्म असते अशा कोणत्याही क्रियापदाला ‘एबल’ लागतो, म्हणूनच ‘डाउनलोडेबल’सारखा शब्द जन्मताच सगळ्यांना समजला. उपसर्गांत ‘री’ असाच मोकळा आहे. या उलट ‘वॉर्मथ’, ‘लेंग्थ’, ‘ग्रोथ’ यांतला ‘टीएच’ गोठलेला आहे. ‘वॉर्म’चा ‘वॉर्मथ’ झाला म्हणून ‘कूल’चा ‘कूलथ’ करून अहवालात लिहू नका, तिथे ‘कूलनेस’च हवा. ‘आयबीएलई’ने संपणारा ‘इबल’ही गोठलेला आहे. ‘व्हिजिबल’, ‘ऑडिबल’, ‘एडिबल’ हे शब्द लॅटिनमधून तयार आले आणि त्यांतला ‘इबल’च्या आधीचा भाग सुटा काढला तर बहुधा इंग्रजी शब्द उरत नाही. ‘एबीएलई’ लिहायचे की ‘आयबीएलई’ असा संभ्रम पडेल तेव्हा ही कसोटी लावा. प्रत्ययाच्या आधीचा भाग स्वतंत्र शब्द असेल, तर ‘एबीएलई’ बरोबर असण्याची शक्यता बरीच जास्त असते. ‘अ‍ॅक्सेसिबल’ आणि ‘फ्लेक्सिबल’ हे तिला न जुमानणारे ठळक शब्द आहेत, ते तेवढे लक्षात ठेवा.

‘अन’ आणि ‘इन’ यांच्यातही एक वळण दिसते, ज्याने पुष्कळ चुका टळतील. विशेषण ‘अन’ने होते, पण त्याचेच ‘इटी’ने संपणारे नाम करताना ‘इन’ येतो: अनेबल पण इनॅबिलिटी, अनईक्वल पण इनइक्वॅलिटी, अनस्टेबल पण इन्स्टॅबिलिटी, ‘अनजस्ट’ आणि ‘इनजस्टिस’ ही जोडी नामाचा प्रत्यय वेगळा असूनही याच ओळीत बसते. प्रत्येक जोडी अशी वागत नाही, ‘अनपॉप्युलर’चे ‘अनपॉप्युलॅरिटी’च होते, पण वरच्या जोड्या इतक्या नेहमीच्या वापरातल्या आहेत की त्या एका दमात म्हणून ठेवाव्यात.

लॅटिन आणि ग्रीक धातू शिकावेत का? अर्थ ओळखण्यासाठी म्हणून विचारत असाल, तर माझे उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण तुम्हाला मराठीतच सापडेल. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार हे शब्द एकाच ‘हृ’ धातूचे. उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे नेतो, असे सांगणारा एक जुना संस्कृत श्लोक यांपैकीच पाच शब्दांचा दाखला देतो. ‘हृ’ म्हणजे नेणे आणि ‘सम्’ म्हणजे एकत्र, एवढ्या भांडवलावर ‘संहार’चा अर्थ कोणी काढून दाखवावा. ‘रिसीव्ह’, ‘डिसीव्ह’, ‘कन्सीव्ह’, ‘परसीव्ह’ यांच्या मुळाशी घेणे या अर्थाचा एकच लॅटिन धातू आहे, पण त्यावरून ‘डिसीव्ह’ म्हणजे फसवणे हे कोणालाही कळणार नाही. अर्थ आधी माहीत असेल तर मात्र नाते पाहून मौज वाटते.

रूपांच्या दृष्टीने पाहिले, तर याच धातूंचा चांगला उपयोग होतो. ‘सीव्ह’ने संपणाऱ्या या चौघांची नामे रिसेप्शन, डिसेप्शन, कन्सेप्शन, परसेप्शन अशी एकाच साच्यातली होतात. ‘परमिट’चे ‘परमिशन’ माहीत असेल, तर ‘सबमिट’ आणि ‘अ‍ॅडमिट’ यांची नामे अडत नाहीत. ‘डिस्क्राइब’चे ‘डिस्क्रिप्शन’ तसे ‘प्रिस्क्राइब’चे ‘प्रिस्क्रिप्शन’, आणि ‘अझ्यूम’चे ‘अझम्प्शन’ तसे ‘कन्झ्यूम’चे ‘कन्झम्प्शन’. ‘टेन’ने संपणारे शब्द तेवढे हट्टी आहेत: ‘रिटेन’चे ‘रिटेन्शन’, ‘मेंटेन’चे ‘मेंटेनन्स’ आणि ‘अटेन’चे ‘अटेनमेंट’, त्यांच्यासाठी शब्दकोश उघडण्याला पर्याय नाही.

धातूंच्या बाबतीत एक अपवाद करावा लागेल, तो वैद्यक आणि विज्ञान यांच्या परिभाषेचा. ते शब्द विद्वानांनी गेल्या काही शतकांत समजून-उमजून, ग्रीक-लॅटिन तुकडे जोडून घडवले आहेत, त्यामुळे तिथे बेरीज बहुधा जुळते. ‘आयटिस’ म्हणजे दाह हे कळले की ‘आर्थ्रायटिस’ आणि ‘गॅस्ट्रायटिस’ दोन्ही समजतात. ‘हायपर’ म्हणजे जास्त आणि ‘हायपो’ म्हणजे कमी. ‘हायपरग्लायसेमिया’त रक्तातली साखर वाढलेली असते आणि ‘हायपोग्लायसेमिया’त घटलेली, दोन्हींवरचे उपाय उलटे आणि शब्द मात्र ऐकायला जवळजवळ सारखे. तुमचे काम अशा क्षेत्रातले असेल, तर धातू जरूर शिका. नसेल, तर तो वेळ वाचनाला द्या.

दीडशे नोंदींपैकी ठेवाव्यात किती? १९८९ मध्ये अमेरिकेत शालेय छापील साहित्यातल्या उपसर्गयुक्त शब्दांची मोजणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ५८ टक्के शब्दांत फक्त चार उपसर्ग होते: अन, री, नकाराचा इन त्याच्या सर्व रूपांसह, आणि डिस. पहिल्या २० उपसर्गांत मिळून ९७ टक्के शब्द आले. त्यामुळे या चौघांशी नीट ओळख करून घ्या, नंतर मिस, प्री, ओव्हर, अंडर, इंटर, सब असे आणखी काही घ्या आणि उरलेली यादी खुशाल कपाटात ठेवा.

यापुढे वही करायची असेल, तर ती तुकड्यांची न करता शब्दकुळांची करा. मूळ शब्द कामात भेटलेला असावा आणि कुळातला प्रत्येक शब्द वाक्यासह लिहावा. नमुना म्हणून ‘डिसाइड’ घ्या. पानावर डिसिजन, डिसायसिव्ह, अनडिसायडेड, इनडिसायसिव्ह आणि डिसायडेडली हे शब्द येतील. वाक्ये लिहू लागलात की लगेच दिसेल, की ‘कमिटी इज स्टिल अनडिसायडेड’ म्हणजे या एका बाबतीत समितीचे अजून ठरलेले नाही, आणि ‘द चेअरमन इज इनडिसायसिव्ह’ म्हणजे अध्यक्षांना निर्णय घेताच येत नाहीत, त्यांचा स्वभावच तसा आहे. एकाच कुळातले हे दोन नकार एकमेकांच्या जागी वापरले, तर साधी माहिती देणारे वाक्य टीकेचे होऊन बसते. ‘डिसायडेडली’चा अर्थ ‘निश्चितपणे, उघडच’ असा होतो आणि त्यात निर्णयाचा मागमूसही राहत नाही, हेही वाक्य लिहिताना शब्दकोश पाहिलात तरच कळेल. अशी थोडी पाने भरली, की पाठ केलेल्या यादीपेक्षा तुमचा हात अधिक मोकळा चालू लागेल.

शब्द मोठ्याने म्हणून पाहण्याचीही सवय ठेवा, कारण काही प्रत्यय उच्चारातला जोर हलवतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर असतो, ‘फोटोग्राफी’मध्ये दुसऱ्यावर, तर ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. ‘इटी’, ‘इक’, ‘शन’ असे जोर आपल्याजवळ ओढतात; ‘नेस’, ‘लेस’, ‘फुल’, ‘ली’ तो होता तिथेच ठेवतात. कुळ एकत्र पाहिल्याने स्पेलिंगचेही कोडे सुटते. ‘साइन’मध्ये न उच्चारला जाणारा ‘जी’ कशाला, असा प्रश्न पडला असेल तर ‘सिग्नेचर’ म्हणून पाहा. ‘कॉलम’च्या शेवटचा मुका ‘एन’ ‘कॉलम्निस्ट’मध्ये ऐकू येतो, आणि ‘मसल’मधला ‘सी’ ‘मस्क्युलर’मध्ये.

वाचताना अनोळखी शब्द आला, तर तो फोडून अर्थाचा अंदाज जरूर करा, त्यात काही गैर नाही. फक्त तो अंदाज वाक्यात बसतो का हे आधी पाहा. शब्दाच्या आरंभी उपसर्गासारखे काही दिसते म्हणून तो उपसर्गच असेल असेही नाही. ‘अंकल’मध्ये ‘अन’ नाही, ‘रेडी’मध्ये ‘री’ नाही, आणि ‘इम्प्रूव्ह’मधून ‘इम’ काढल्यावर ‘प्रूव्ह’ हा खराखुरा शब्द उरत असला, तरी सुधारणे आणि सिद्ध करणे यांचा संबंध जोडता येत नाही. ज्या अंदाजावर तुम्हाला काही करायचे आहे, मग तो मेल असो, सही असो की औषध, तो शब्दकोशात पाहिल्याशिवाय वापरू नका. लिहिताना आणि बोलताना मात्र उलट शिस्त पाळा. जो शब्द तुम्ही कधी ऐकला किंवा वाचला नाही, तो तुकड्यांवरून घडवू नका; ‘नॉट पॉसिबल’ म्हणणे केव्हाही शुद्ध असते आणि त्याला कोणी हसत नाही.

मुलीला यादी देऊ नका. तिच्या वयात मुले शब्दांशी खेळतात, आणि तो खेळ दोन्ही भाषांत चालू द्यावा. एका संध्याकाळी मराठीतले ‘बे’ने सुरू होणारे शब्द शोधा. बेइमान, बेसावध, बेजबाबदार असे सापडत जातील, आणि ‘बेडूक’ आला की त्यातला ‘बे’ काढून टाकायला तीच हसत नकार देईल. दुसऱ्या दिवशी हाच खेळ इंग्रजी ‘अन’चा करा आणि ‘अंडर’ हा शब्द त्यात मुद्दाम घाला. फसवा शब्द तिने स्वतः पकडला तर तो तिला समजावून सांगावा लागणार नाही. ‘अनलॉकेबल’चे दोन अर्थ निघतात हे लगेच सांगू नका, दाराची कडी समोर ठेवून तो शब्द तिला द्या आणि दुसरा अर्थ तिला सापडेपर्यंत थांबा.